'आरोपीला वकील कशाला?' आणि तुमच्या मामेभावाचं काय

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वरच्या भागात तुम्ही म्हणताय की तुमच्या तालुक्यातल्या त्या खुनाच्या प्रकरणात वकील संघाने 'आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही' असा ठराव केला ते झकास झालं. पुरावा ढळढळीत असताना सरकारी पैशाने वकील द्यायचा आणि वर शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं म्हणणं ऐकायचं, हे चोचले कशाला. आणि खाली ता.क. मध्ये विचारताय की मामेभाऊ मारामारीच्या केसमध्ये चार महिने आत आहे, वकिलाची ऐपत नाही, कागद हातात नाहीत, काही करता येईल का.

मी बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली, त्यातली बरीच लीगल एड पॅनेलवर, म्हणजे ऐपत नसलेल्यांना सरकारी खर्चाने जे वकील देतात त्यांच्या यादीवर. तुमच्या पोस्टचा वरचा भाग मान्य केला तर खालच्या भागाला माझ्याकडे उत्तरच उरत नाही. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ठराव. असे ठराव आपल्याकडे अधूनमधून होतात, बार रूममध्ये टाळ्याही पडतात. पण २०१० साली तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सरसकट रद्दबातल ठरवले आहेत: राज्यघटनेच्या विरुद्ध, कायद्याच्या विरुद्ध आणि वकिलीच्या नीतीच्याही विरुद्ध. त्यामुळे तुमच्या तालुक्यातल्या ठरावाची किंमत कागदापुरतीच आहे.

'मग कसाबलाही वकील?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तुमच्या पोस्टखाली दोघांनी विचारलाच आहे. हो, कसाबलाही. सत्र न्यायालयात मिळाला, उच्च न्यायालयात मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील न्यायमित्र म्हणून, म्हणजे त्याची बाजू मांडायला न्यायालयानेच दिलेला वकील म्हणून, नेमला. २९ ऑगस्ट २०१२ च्या त्या निकालात फाशी कायम झालीच. पण त्याच निकालात एक गोष्ट आहे जी फार कोणाला ठाऊक नसते. अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा ज्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, त्या मॅजिस्ट्रेटने 'तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल' हे त्याला सांगायलाच हवं. यात कसूर केली तर मॅजिस्ट्रेटवर खात्याची कारवाई होऊ शकते, असं न्यायालयाने बजावलं. आज तुमच्या मामेभावाला रिमांडच्या दिवशीच वकील मागता येतो, त्यामागे कसाबच्या खटल्याचा निकालही आहे. गंमत वाटेल, पण कायदा असाच घडतो.

आता 'ढळढळीत पुरावा'. या शब्दाची मला भीती वाटते, आणि त्याला कारण नाशिकचं एक प्रकरण आहे.

जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून, बायकामुलींवर अत्याचार. वाचून झोप उडावी असा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. वाचलेल्या साक्षीदारांनी कोर्टात त्यांना ओळखलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत आणून बसवलं. तीन पायऱ्यांवर तीन न्यायालयं, आणि 'हे गुन्हेगार' यावर सगळ्यांचं एकमत. यापेक्षा ढळढळीत काय असतं?

फेरविचार अर्जांवर मग २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने ऐकली गेली. तेव्हा जे कागद नीट वाचले गेले त्यात असं होतं: हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. हे सहा जण नव्हेत, वेगळेच चार. त्या चौघांचा माग कोणी काढलाच नाही, आणि बाईंचा तो जबाब बाजूला पडून राहिला. ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासातल्या चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता, म्हणजे कायद्याने त्याला फाशी देताच येत नव्हती. हेसुद्धा फाशी कायम झाल्यावर काही वर्षांनी उघड झालं. वय! शाळेचा दाखला नसलेल्या पोराचं वय कोणी विचारलंच नव्हतं.

आणि त्या कुटुंबाचं काय? खरे मारेकरी त्यांना अजून मिळालेले नाहीत. पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरा इथे थांबून विचार करावा अशी माझी विनंती आहे. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की बरोबर माणूस सुटतो. उलटतपास, कागदांच्या नकला, ओळख परेडवरचे आक्षेप या ज्या गोष्टींना तुम्ही चोचले म्हणताय, त्या नीट झाल्या असत्या तर तो जबाब २००६ मध्येच बाहेर यायला हवा होता.

'केस महिनाभरात संपवा' या मागणीबद्दल थोडक्यात. खांडव्यात २०१३ साली एका चिमुरडीवरच्या अत्याचार आणि खुनाचा खटला तेरा दिवसांत संपला, फाशी झाली, कौतुकही झालं. आरोपीला सरकारी खर्चाने बचावाचा वकील दिला गेला तो दोषारोप ठेवायच्या दिवशीच. कागद वाचायलाही त्या वकिलाला वेळ नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा चालवायला लावला आणि नियमच घातला: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला हवा, आणि तयारीला त्याला निदान सात दिवस मिळायला हवेत. तो आरोपी शेवटी २०२४ मध्ये निर्दोष सुटला. तेरा दिवसांची घाई अकरा वर्षांना पडली.

शिक्षेच्या वेगळ्या सुनावणीबद्दल तुमचा समज असा दिसतो की ती दयामाया दाखवायला असते. तसं नाही. दोष सिद्ध झाला का, हा एक प्रश्न. कायद्याने या माणसाला किती शिक्षा योग्य, हा दुसरा. दुसऱ्यासाठी वेगळी माहिती लागते: वय, आधीचे गुन्हे, घरची परिस्थिती, मानसिक आजार, तुरुंगातली वागणूक. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम २३५(२) मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२) मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशीसाठी गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहावे लागतात. डिसेंबर १९९५ च्या एका निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयानेच फक्त गुन्ह्याच्या क्रौर्याकडे पाहून फाशी कायम केली, आणि तो निकाल पुढे अनेक प्रकरणांत आधार म्हणून वापरला गेला. नाशिकच्या २००९ च्या निकालातही. गंमत अशी की त्यानंतर दोनच आठवड्यांनी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या वेगळ्या पीठाने सांगितलं की तो १९९५ चा निकाल बच्चनसिंगला सोडून दिलेला आहे, तो आधार म्हणून धरता येत नाही. ज्या माणसाची फाशी त्या निकालाने कायम झाली होती त्याला १९९६ मध्येच फासावर चढवून झालं होतं.

फाशीच्या प्रकरणांची चर्चा होते, पण कायदेशीर शिक्षेचा प्रश्न रोज पडतो तो मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात, दिवसाला पन्नास-साठ केसेसच्या यादीत. एक माझाच किस्सा सांगते.

२०११ ची गोष्ट. विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप असलेला एक पारधी पोरगा अकरा महिने आत होता. जामीन कधीच मंजूर झालेला होता, पंधरा हजारांचा आणि एक सक्षम जामीनदार. पण त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात कोण येणार? मला लीगल एडमधून केस आली तेव्हा मी कागद पाहिले. मोटरची पावती नव्हती. मोटर काढून दिल्याच्या पंचनाम्यावरचा पंच मला ओळखीचा वाटला, आणि शोधलं तर तो माझ्याच आणखी दोन केसेसमध्ये पंच होता. पोलीस ठाण्यासमोर त्याची चहाची टपरी. मी पोराला म्हटलं, ही केस सुटण्यासारखी आहे, तीन-चार तारखा दे. तो म्हणाला, "ताई, कबूल केलं तर आज घरी जाईन ना?"

मी खरं ते सांगितलं. जाशील. त्याने गुन्हा कबूल केला, कोर्टाने 'भोगलेली शिक्षा पुरेशी' असा आदेश दिला, संध्याकाळी तो सुटला. दोन वर्षांनी दुसऱ्या किरकोळ केसमध्ये तो पुन्हा आला. मी परिवीक्षा अधिनियमाखाली त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अर्ज केला. सरकारी वकिलांनी जुना निकाल पुढे ठेवला: आधी शिक्षा झालेली आहे. अर्ज फेटाळला. त्या संध्याकाळच्या 'जाशील'चा अर्थ मला तेव्हा कळला. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्याचाही पुरावा ढळढळीतच होता. त्याने स्वतः कबूल केलं होतं!

देशातल्या कैद्यांपैकी २०२२ अखेर सुमारे ७६ टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेलाच नाही असे. तुमचा मामेभाऊ त्यातलाच.

तर आता त्याचं. तुम्ही 'मारामारी' लिहिलंय, कलमं लिहिली नाहीत, आणि सगळं कलमांवर अवलंबून आहे. हत्याराने गंभीर दुखापत असेल, भारतीय न्याय संहितेचं ११८(२), किंवा खुनाचा प्रयत्न असेल, १०९, तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे आणि पोलिसांना चार्जशीटसाठी ९० दिवस मिळतात. त्याहून हलकी, दहा वर्षांच्या आतली कलमं असतील तर ६०. चार महिने झालेत, म्हणजे दोन्ही मुदती उलटल्या आहेत. पहिली गोष्ट उद्याच कोर्टात जाऊन बघा: चार्जशीट दाखल झालंय का, आणि कोणत्या तारखेला. अजून दाखलच झालं नसेल तर त्याच दिवशी जामिनाचा अर्ज द्या. मुदत उलटल्यावर आणि चार्जशीट येण्याआधी अर्ज दिला, आणि कोर्ट सांगेल तो जामीन पुरवायची तयारी असली, तर हा जामीन हक्काचा आहे, केस कितीही गंभीर असो. अर्जाआधी चार्जशीट आलं तर ती संधी गेली. मग नेहमीचा जामीन अर्ज, त्यात केसच्या गुणदोषांवर भांडावं लागेल.

चार्जशीट आलेलं असेल तर त्याच्या आणि जबाबांच्या नकला आरोपीला फुकट मिळाल्याच पाहिजेत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत. 'झेरॉक्सचे पैसे भरा' असं कोणी सांगितलं तर न भांडता लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच विसरू नका.

वकिलासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आता बहुतेक ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयही आहे, म्हणजे फौजदारी केसेसमध्ये आरोपींना फुकट वकील देणारं कार्यालय. तुम्ही ऐपतीचा उल्लेख केलाय, पण कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये ते स्पष्ट आहे, दाखला मागितला तर कलम दाखवा. तालुक्याला जाणं सोयीचं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज चालतो, आणि तुरुंगातून तो स्वतःही देऊ शकतो.

एवढ्या काळात त्याला कोणी 'कबूल करून टाक, लगेच सुटशील' असं सांगितलं असण्याची दाट शक्यता आहे. तुरुंगात ते सगळे सांगतात. पुढच्या भेटीत त्याला एवढंच सांगा की वकिलाशी बोलल्याशिवाय कोर्टात कशालाही हो म्हणायचं नाही.

कलमं, गुन्हा रजिस्टर नंबरचं वर्ष आणि चार्जशीटची तारीख मिळाली की इथे लिहा. नावं लिहू नका, त्याचंही नको आणि फिर्यादीचंही नको.