फ्रान्सला निघण्याआधी छंदांवर बोलायला शिका

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टअखेर नोकरीसाठी दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात जायचंय, फ्रेंचचा ए-वनचा (सगळ्यात पहिल्या पातळीचा) वर्ग चालू आहे, आणि बँक, डॉक्टर, घरभाडं हे सगळं समोर असताना छंदांवरच्या धड्यात वेळ घालवावा का, हा प्रश्न आहे. घालवा, आणि भरपूर घालवा. बँकेत किंवा सरकारी कचेरीत कागदपत्रं नीट असली की मोडक्या फ्रेंचवरही काम होतं, शिवाय सोबत कुणाला तरी नेता येतं. माणसं मात्र कागदपत्रांवर जोडली जात नाहीत. अनेक वर्षं फ्रान्समध्ये राहून मी पाहतोय, इथे ओळखी वाढतात त्या बहुतेक एकत्र काहीतरी करताना.

यामागे इथली एक व्यवस्था आहे. १९०१ च्या कायद्याने कुणाही दोघांना मिळून संस्था काढता येते. अशा संस्थेला 'आसोसियास्याँ' म्हणतात. गावोगावी गायनवृंदाची, डोंगर चढणाऱ्यांची, बुद्धिबळाची, बागकामाची अशी संस्था सापडते. त्यांचं वर्ष शाळेसारखं सप्टेंबरला सुरू होऊन जूनला संपतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुतेक शहरांत 'फोरम दे-झासोसियास्याँ' भरतं, म्हणजे सगळ्या संस्था एका मैदानात किंवा सभागृहात टेबलं मांडून बसतात आणि नावनोंदणी करतात. तुम्ही नेमक्या त्याच वेळी पोचताय. त्या टेबलापुढे उभं राहून चार वाक्यं बोलता आली, तर वर्षभराची सोबत मिळू शकते.

आता भाषेकडे. क्लासमध्ये बहुधा इंग्रजीतून शिकवत असतील, तर या धड्यापुरतं इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून विचार करा. आपण क्रिकेट खेळतो, पेटी वाजवतो आणि योगासनं करतो. इंग्रजीत खेळणं आणि वाजवणं एकच होऊन बसतं, आपल्याकडे ते वेगळं आहे आणि फ्रेंचलाही तो फरक लागतो. फ्रेंच क्रियापद दोन्हीकडे 'झुए'च असतं, पण खेळ असेल तर पुढे 'आ' येतं आणि वाद्य असेल तर 'द'. म्हणून 'झ झू ओ क्रिकेत', 'झ झू आ ला पेतांक' (पेतांक हा लोखंडी गोळे फेकायचा फ्रेंच खेळ), पण 'झ झू द्यू तबला'. आपण जिथे 'करतो' म्हणतो तिथे सहसा 'फेर' आणि पुढे 'द': 'झ फे द्यू योगा'. पोहणं, गिर्यारोहण, नाच यांनाही हेच चालतं: 'झ फे द ला नातास्याँ', 'झ फे द लेस्कालाद'. स्वयंपाक तेवढा वेगळा, तिथे नुसतं 'झ फे ला क्युइझिन'.

'आ' आणि 'द' पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलतात (वरचे 'ओ' आणि 'द्यू' ही त्यांचीच रूपं), हे पुस्तकात आहेच. त्याचा तक्ता पाठ करत बसू नका. आपल्याला लागणाऱ्या दोन-तीन छंदांची अख्खी वाक्यं तोंडात बसवा.

तुमचे छंद तुम्ही सांगितलेत, पेटी आणि सह्याद्रीतली भटकंती. दोन्ही तिथे उत्तम चालतील. 'झ झू द लार्मोनियोम', म्हणजे मी हार्मोनियम वाजवते. पहिला ह उच्चारायचा नाही. हे वाद्य तिथल्या लोकांना नावाने ठाऊक असतं, कारण १८४२ मध्ये पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅं यांनी याच नावाने त्याचं पेटंट घेतलं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची पेटी येते. म्हणून पुढचं वाक्य तयार ठेवा: 'ओं झू आसी पार तेर', जमिनीवर बसून वाजवतात. एवढ्यावर समोरचा माणूस दहा प्रश्न विचारेल, आणि तेच तर हवंय.

भटकंतीला म्हणा 'झ फे द ला रांदोने'. बोलताना सगळे 'रांदो' म्हणतात. तुलूझहून पिरेने पर्वत जवळ आहे, आणि त्याच्या फ्रेंच बाजूने 'जे-एर दिस' ही लांब पल्ल्याची वाट अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाते. अशा वाटांवर पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा असतात, छोट्या फेऱ्यांच्या वाटांवर पिवळ्या.

किती वर्षांपासून, हा प्रश्न हमखास येतो: 'दप्वी लाँतां?' इथेही मराठी कामाला येते. आपण 'दहा वर्षांपासून वाजवते' असं वर्तमानकाळातच म्हणतो आणि फ्रेंचमध्येही तसंच आहे: 'झ झू द लार्मोनियोम दप्वी दी-झां'. आणखी येतील ते 'ऊ सा?' म्हणजे कुठे, 'आवेक की?' म्हणजे कुणाबरोबर, आणि 'सूव्हां?' म्हणजे बऱ्याचदा का. प्रश्न असे तुटकच येतात, पुस्तकातल्यासारखे पूर्ण वाक्यात नाही, त्यामुळे ते ऐकून ओळखण्याचा सराव वेगळा करायला हवा. वाराच्या आधी 'ल' आला तर दर आठवड्याला: 'ल सामदी' म्हणजे दर शनिवारी, नुसतं 'सामदी' म्हणजे हा शनिवार. क्लबच्या वेळा विचारताना यावर बरंच अवलंबून असतं.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शनिवार-रविवारची चौकशी होते. तेव्हा भूतकाळ लागतो, आणि 'झ फे' (करते) व 'झे फे' (केलं) यांत कानाला फरक फक्त पहिल्या स्वराचा आहे. हा स्वर स्वच्छ काढायची सवय आत्ताच लावा. तसाच दुसरा आवाज 'द्यू'मधला: ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल करून आतून ई म्हणायचं. मी देवनागरीत लिहिलंय ते केवळ वाचायच्या सोयीसाठी. उच्चार शिक्षकांकडून किंवा फ्रेंच रेडिओवरूनच घ्या.

आवड सांगताना 'झेम ला म्युझीक', नाहीतर 'झेम शांते', मला गायला आवडतं. पुढे 'ब्यां' (चांगलं) जोडून 'झेम ब्यां' म्हटलं तर आवड वाढत नाही, उलट जरा सौम्य होते. खूप आवडत असेल तर 'झादोर' म्हणा. नकारात एक गोष्ट जपा: 'झ फे पा द स्पोर' (मी खेळ खेळत नाही), पण 'झेम पा ल स्पोर' (मला खेळ आवडत नाहीत). आवडीनिवडीच्या क्रियापदापुढे 'ल', 'ला' नकारातही टिकून राहतात. लिहिताना यांत 'न' घालावा लागतो, बोलताना लोक तो गाळतात.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की वाचन, संगीत, प्रवास अशी यादी म्हणून दाखवू नका. यादीवर पुढचा प्रश्न सुचत नाही. एकच छंद घ्या आणि त्यावर पाच वाक्यं सांगा: काय, केव्हापासून, कधी, कुणाबरोबर, का आवडतो. शेवटी न विसरता 'ए वू?' म्हणजे 'आणि तुम्ही?' विचारा. अनोळखी माणसाला 'वू'च म्हणायचं. क्लबमध्ये बहुधा कुणीतरी स्वतःहून 'ओं स त्युत्वा?' म्हणजे 'अरे-तुरे करूया का?' विचारेल, मग 'त्यु'वर, म्हणजे 'तू'वर, या. डेल्फ या फ्रेंचच्या अधिकृत परीक्षेची ए-वन पातळीची तोंडी परीक्षा देणार असाल तर तीही आपल्याविषयीच्या प्रश्नांनीच सुरू होते, आणि फ्रेंच पद्धतीच्या बायोडाटात छंदांसाठी शेवटी 'साँत्र दँतेरे' नावाचा भाग असतो. म्हणजे ही मेहनत तिथेही लागू पडेल.

फोरममधल्या टेबलासाठी तीन वाक्यं: 'झ स्वी देब्यूतांत' (बाईने 'देब्यूतांत', पुरुषाने 'देब्यूतां'), 'सॅ कोंब्यां पार आँ?' म्हणजे वर्षाचे किती, आणि 'एस्क झ प एसेये?' म्हणजे एकदा येऊन पाहू का. एखादं सत्र विनामूल्य करून पाहायची सोय पुष्कळ ठिकाणी असते. काही खेळांना डॉक्टरांचा दाखला मागतात, तेही तिथेच विचारून घ्या. फोरमची तारीख शहराच्या मेरीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, संकेतस्थळावर लागते. तिकीट काढण्याआधी ती बघून ठेवा.