शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या शेपटीखालचे आणि पोटावरचे केस घरी कापता येतात का? केस कापायच्या मशीनला कितव्या नंबरचं ब्लेड घ्यावं?

येतात की. आणि घरीच कापा, पार्लरवाल्यांना घाई असते.

आमचा पेढा शिह त्झूच. मेव्हण्यांच्या आग्रहाखातर भर मे महिन्यात त्याला एका पार्लरमध्ये नेलं. मालकांना आत सोडत नाहीत, काचेतून नुसती पाठ दिसते. घरी आला तो खाली टेकेचना. बसायचा, दचकून उठायचा, वळून स्वतःच्या ढुंगणाकडे बघत राहायचा. रात्री बायकोने त्याला उताणा धरला आणि मी टॉर्च मारला. शेपटीखाली आणि जांघेत लालभडक पट्टे, बरोबर ब्लेडच्या रुंदीचे. पार्लरला फोन केला, तर "सर, अ‍ॅलर्जी असेल." मेव्हण्यांचं त्याहून पुढचं: "चाटून चाटून झालंय ते. आमच्या लॅब्राडॉरला कधी काही होत नाही." अहो, लॅब्राडॉरला तिथे मशीन लावतंय कोण?

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मशीनने भाजलंय. मलम दिलं आणि चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातला. तरी मेव्हण्यांचं पालुपद एकच, मशीनने कसं भाजेल, त्यात काय विस्तव असतो? विस्तव नसतो, पण दोन धातूच्या पात्या एकमेकींवर घासत असतात. पाठीचे केस आधी उतरवले की ब्लेड चांगलंच तापतं, आणि तेच पुढे जांघेतल्या पातळ कातडीवर फिरतं. म्हणून ही जागा आधी करायची, पाठ नंतर. मधेमधे ब्लेड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं. आपल्याला चटका बसला, तर त्याला बसणारच. तापलं की मशीन बंद करून थांबायचं.

नंबर दहा घ्या. दीडेक मिलीमीटर केस उरतात, तेवढं पुरे. न्हाव्याच्या मशीनच्या टोपणांवर मोठा नंबर म्हणजे लांब केस, कुत्र्यांच्या ब्लेडचं नेमकं उलटं. चाळीस नंबर ऑपरेशनच्या आधी कातडीवरचे केस पार मुळापर्यंत काढायला वापरतात. मेव्हण्यांनी तोच सुचवला होता, "मोठा नंबर, म्हणजे सेफ" असं म्हणून.

केस कोरडे आणि विंचरलेले हवेत. एकाने धरायचं, दुसऱ्याने कापायचं. ब्लेड कातडीला सपाट ठेवा, टोक रुतवू नका. पोटावर स्तनाग्रं सांभाळा, नरालाही असतात. मांडी आणि पोट जोडणारी पातळ घडी असते, ती ताणून धरल्याशिवाय मशीन जवळ नेऊ नका. नराच्या लघवीच्या जागेच्या टोकाला थोडा झुपका राहू द्या, त्यावरून धार खाली ओघळते, पोटावर उडत नाही. गाठी कात्रीने कापू नका, गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही.

"देवाने केस दिलेत, कशाला कापायचे" हेही मेव्हण्यांचंच. पावसाळ्यात पोट बिघडलं, शेपटीखालच्या केसांत घाण अडकून वाळली आणि त्यावर माशा बसल्या, की अळ्या पडतात. मग पार्लर नाही, थेट दवाखाना.

हे सगळं शेपटीखालच्या आणि पोटावरच्या भागापुरतं. पॉमेरेनियन असेल, तर बाकीच्या अंगाला मशीन लावू नका, त्यांचे केस कधीकधी नीट परत येत नाहीत. कुत्रा चावरा असेल, तर माझा घरच्या घरीचा हट्ट सोडा आणि डॉक्टरांकडूनच करून घ्या. ढुंगण फरशीवर घासत असेल, तर तो केसांचा प्रश्न नसूही शकतो. तिथल्या ग्रंथी तुंबतात. त्या व्हिडिओ बघून घरी दाबत बसू नका.