फॉरमॅट मागणाऱ्या डिस्कवर कुठली फाइल सिस्टीम होती हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या लग्नाचं शूटिंग कॉपी करताना लाईट गेली, आता ती १ टीबीची डिस्क लावली की विंडोज फॉरमॅट मागतंय, रॉ दाखवतंय, आणि दुरुस्ती करायची तर आधी त्यावरची फाइल सिस्टीम (फाइली डिस्कवर मांडून ठेवायची पद्धत) एनटीएफएस होती की एक्सफॅट तेच कळंना झालंय. पहिलं म्हणजे त्या फॉरमॅटला कॅन्सल म्हणा. रॉ ही काही फाइल सिस्टीम नव्हे, विंडोजला ओळख पटली नाही एवढंच.

आपल्याकडं कुणालाही विचारा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) मारून बघा म्हणतील. रॉवर ते चालतच नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हातच लावू नका, नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचायच्या प्रोग्रामनं दुसऱ्या मोठ्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, काढा, पुढचं सगळं त्या इमेजवरच करायचं.

मग हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात फाइली आहेत त्याचा, पहिला सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) उघडा, पार्टिशनचा हं, अख्ख्या डिस्कचा नव्हे. सुरुवातीचे ३ बाइट सोडले की उजवीकडच्या कॉलममध्ये एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट असं इंग्रजी अक्षरात सरळ लिहिलेलं असतंय. फॅट३२ ही तिसरी फाइल सिस्टीम असेल तर तिचं नाव जरा खाली, ऑफसेट ८२ ला, म्हणजे सुरुवातीचे ८२ बाइट सोडून. पार्टिशन टेबलात (डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी) ०७ दिसलं म्हणून एनटीएफएसच धरून चालू नका, एक्सफॅटलाही तोच ०७ नंबर आहे, इथंच बरेच जण फसतात.

पहिला सेक्टर नुसता शून्यांनी भरलेला निघाला तरी घाबरू नका, त्याची कॉपी असते की. एनटीएफएसची पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरात, एक्सफॅटची सेक्टर १२ ला, फॅट३२ ची बहुतेक वेळा सेक्टर ६ ला. तीही गेली असेल तर हेक्समध्ये फाइल हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये शोधा, दर १०२४ बाइटला ओळीनं तोच सापडत गेला तर ते एनटीएफएस, कारण त्याच्या प्रत्येक फाइलची नोंद तिथूनच सुरू होते.

आणि एक, एडिटिंगला ही डिस्क मॅकला लावून त्यावर सेव्ह पण करत होता काय? तसं असेल तर एक्सफॅटचीच शक्यता जास्त, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतंय, वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतंय, त्यामुळं लिहिताना लाईट गेली की फटका पण त्यालाच जास्त बसतो.

नाव कळलं की टेस्टडिस्कला (हरवलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम) इमेज दाखवा, आणि फोल्डर दिसले की आधी शूटिंग दुसरीकडं काढून घ्या, मूळ डिस्कचं नंतर बघता येतंय.