ड्रमकडे कान ठेव

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. दहा गाणी, त्यांची सालं, आणि शेवटी तुझा प्रश्न: रॉक अँड रोलचं पहिलं गाणं नेमकं कोणतं? रेकॉर्ड जमवणारी मंडळी या एका प्रश्नावरून हमरीतुमरीवर येतात. कुणी फॅट्स डॉमिनोचं १९४९ चं ‘द फॅट मॅन’ पुढे करतं, कुणी १९५१ चं ‘रॉकेट ८८’, कुणी आणखी मागे जातं. मी या वादात पडत नाही, तूही पडू नयेस असं मनापासून वाटतं. त्यापेक्षा ड्रमकडे कान ठेव. सगळा झगडा तिथे चाललेला आहे.

म्हणजे काय ते सांगतो. चाळीसच्या दशकातल्या नाचाच्या संगीतात लय झुलती असायची. एका मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवला की ती चाल येते. आपल्या कानाला ती दादऱ्याच्या अंगाने जाते. रॉक अँड रोलने मात्रेचे दोन सारखे तुकडे केले आणि ते ठोकत सुटलं. पण हा बदल एका दिवसात झाला नाही. दहाएक वर्षं दोन्ही लयी एकाच गाण्यात नांदत होत्या, आणि माझ्या मते या संगीतातली खरी मजा त्या वर्षांतच आहे.

‘जॉनी बी. गुड’ तुझ्या यादीत आहे, १९५८ चं. आता ते पुन्हा लाव, आणि या वेळी चक बेरीचा आवाज सोडून दे. गिटार सरळ चालली आहे, टक-टक-टक-टक. ड्रमवर फ्रेड बिलो आहे, शिकागोच्या ब्लूजमध्ये मुरलेला माणूस, आणि तो झुलतोच आहे. दोघं एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, तरी गाणं कुठे सुटत नाही. उलट त्या ओढाताणीमुळेच ते पुढे पळतं. पुढे कितीतरी बँडनी हे गाणं वाजवलं, ड्रमसुद्धा सरळ करून टाकला, आणि गाणं सपाट झालं. सुरुवातीचा तो प्रसिद्ध गिटारचा तुकडाही ऐक आणि मग लुई जॉर्डनचं १९४६ चं ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ लाव. कार्ल होगनने तिथे वाजवलेली सुरुवात ऐकल्यावर तुला वेगळं काही सांगावं लागणार नाही. बेरीनेही होगनचं ऋण मानलं होतं.

दुसरा माणूस अर्ल पामर. न्यू ऑर्लीन्समध्ये कॉसिमो मटासाचा जे अँड एम नावाचा लहानसा स्टुडिओ होता. डिसेंबर १९४९ मध्ये तिथे ‘द फॅट मॅन’ मुद्रित झालं तेव्हा ड्रमवर पामर होता. चार मात्रांतल्या दुसरीवर आणि चौथीवर पडणारा टोला तिथे नीट ऐक. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याच स्टुडिओत लिटल रिचर्डने ‘टुटी फ्रुटी’ म्हटलं, आणि ड्रमवर पुन्हा पामरच. रिचर्डचा उजवा हात पियानोवर सारखे ठोके मारत सुटला होता. त्या हाताला जोड द्यायची म्हणून आपण सरळ लयीकडे वळलो, असं पामरने पुढे स्वतः सांगितलं आहे. ‘द फॅट मॅन’, ‘टुटी फ्रुटी’ आणि रिचर्डचंच १९५७ चं ‘लुसिल’ ही तीन गाणी ओळीने ऐक. ती लय तुझ्या कानांदेखत पालटेल.

तू पॅट बूनचं ‘टुटी फ्रुटी’ही यादीत घातलं आहेस, विक्रीच्या आकड्यावरून. ते काढून टाक. त्या वेळी अमेरिकेत गोऱ्यांच्या रेडिओवर कृष्णवर्णीयांची गाणी सहसा लागत नसत, म्हणून कंपन्या तीच गाणी गोऱ्या गायकांकडून गाऊन घेत. बूनचं ‘टुटी फ्रुटी’ पॉपच्या यादीत रिचर्डच्या वर गेलं ते त्यामुळे. त्यात ना तो हात आहे, ना तो ड्रम. आकडा बाजाराबद्दल सांगतो, गाण्याबद्दल नाही. पण म्हणून दुसऱ्याचं गाणं घेणारा प्रत्येक जण चोर असंही समजू नकोस. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिसने आर्थर क्रडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ घेतलं. त्यात ड्रम नाहीच. बिल ब्लॅक उभ्या बासच्या तारा पट्टीवर आपटतो, त्या आपटण्यातून ताल उभा राहतो, आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याच्या दोन टेप मशिनींमधून आलेला प्रतिध्वनी त्याच्या भोवती घुमतो. क्रडपचं मूळ १९४६ चं आहे, जड पावलांचं आणि फार सुंदर. दोन्ही घरात हवीत. मात्र या गाण्याचे क्रडपला हक्काचे पैसे जवळपास मिळालेच नाहीत, हेही ऐकताना माहीत असू दे.

पैशाचं निघालंच आहे तर रेकॉर्डवर कंसात छापलेली नावं वाचायची सवय लाव. १९५५ च्या ‘मेबेलीन’वर बेरीच्या नावासोबत ॲलन फ्रीडचं नाव आहे. फ्रीड हा रेडिओवर गाणी लावणारा. त्याने ते गाणं लिहिलं नव्हतं. गाणं वाजत राहावं म्हणून त्याला वाटा दिला गेला. बेरीला पूर्ण श्रेय मिळायला १९८६ उजाडलं. ‘रॉकेट ८८’वर जॅकी ब्रेन्स्टन आणि डेल्टा कॅट्स असं छापलंय, बँड मात्र आइक टर्नरचा. आणि बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’मधली ती विजेसारखी गिटार वाजवणारा डॅनी सेड्रोन? एप्रिल १९५४ मध्ये त्याने ती वाजवली, मेहनताना २१ डॉलर. जूनमध्ये जिन्यावरून पडून तो गेला. गाणं जगभर गाजलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. हेलीचं ते गाणं मला एरवी फारसं भावत नाही, पण त्या काही सेकंदांसाठी मी ते ठेवलं आहे.

बडी हॉलीवर तुझं-माझं जमतं, म्हणून लांबवत नाही. फक्त ‘पेगी सू’ मोठ्या आवाजात ऐक: जेरी ॲलिसनच्या ड्रमवर प्रतिध्वनी चढतो, उतरतो, चढतो.

आता विकत घेण्याबद्दल. साठच्या दशकात कंपन्यांनी जुनी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी, मुद्रणं ‘स्टिरिओ’ करून विकली. एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार, वर प्रतिध्वनी. अशा एलपी स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नकोस, त्यात ड्रम कुठे आहे तेच कळत नाही. मोनोच घे. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मिळाली तर तिच्यासाठी वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर येते. आणि कुठल्याही परिस्थितीत ७८वर स्पिरिट लावू नकोस. त्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जगभरातल्या तबकड्यांना लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून जायचा, तेव्हा परदेशी रेकॉर्ड हातात घेतलीस तरी ती अगदीच परकी समजू नकोस. पावसाळ्यात बुरशीची पुठ्ठ्याची पाकिटं बदल, आणि रेकॉर्ड उभ्याच ठेव.

आपल्याकडे ही लय कशी पोचली असं तू विचारलं होतंस. १९५७ च्या ‘आशा’ सिनेमातलं ‘ईना मीना डीका’ लाव. संगीत सी. रामचंद्रांचं, पुणतांब्यात जन्मलेला आपला माणूस. मुंबईच्या वाद्यवृंदांत तेव्हा गोव्याचे वादक भरलेले होते, दिवसा सिनेमाला आणि रात्री नाचाच्या बँडमध्ये वाजवणारे. ही हवा त्यांना नवी नव्हती. यावर सवडीने बोलू, तो वेगळाच विषय आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. तुझ्या दहांत एकही बाई नाही. ‘हाउंड डॉग’ एल्व्हिसचं घेतलंस, पण बिग मामा थॉर्नटनने ते १९५२ मध्येच मुद्रित केलं होतं, आणि तिच्या गाण्यातला कुत्रा म्हणजे आयतं खाऊन बसलेला पुरुष आहे, ज्याला ती घराबाहेर काढते. एल्व्हिसच्या गाण्यात तो खराच कुत्रा होऊन बसला. जेरी ली ल्यूइसच्या ‘होल लॉटा शेकिन’ गोइंग ऑन’च्या दोन वर्षं आधी, १९५५ मध्ये, ते बिग मेबेलने गायलं होतं. लाव्हर्न बेकरचं ‘ट्वीडल डी’ जॉर्जिया गिब्जने मांडणीसकट उचललं, तेव्हा बेकरने आपल्या खासदाराकडे दाद मागितली होती. आणि सिस्टर रोझेटा थार्प: देवाची गाणी, हातात इलेक्ट्रिक गिटार, १९४४ मधलं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’. या चौघींना ऐक, कुणाला काढायचं ते तूच ठरव, आणि यादी परत पाठव.

तुझा,
काका