जीभ ठीक आहे, सिगार ओले होते

सिगार चाखण्याच्या कार्यक्रमात चव कळली नाही, माझी जीभच बिघडलीय का, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मास्टर ब्लेंडर (सिगारमध्ये कोणती पानं किती घालायची ते ठरवणारे) 'कोको, चामडं, लाकूड' म्हणत होते, आजूबाजूचे माना डोलावत होते आणि तुम्हाला नुसतं कडू लागत होतं. तिसरा सिगार सारखा विझत होता, शेवटी भोवळ आली. आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, "बाकी कुणाची तक्रार नाही." अहो, हेच वाक्य मीही ऐकलंय, शब्दशः. म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

कापायचा कसा, पेटवायचा कसा, धूर छातीत का घ्यायचा नाही, हे सोडून देतो. तुम्हाला ते माहीत असणार.

सिगार सारखा विझतो, ओढताना जोर लावावा लागतो, रॅपरच्या, म्हणजे बाहेर गुंडाळलेल्या पानाच्या, आत पोकळी जळत जाते आणि ते पान तसंच राहतं, ही सगळी ओल्या सिगारची लक्षणं आहेत. आपण जोर लावतो, पुन्हा पेटवतो, टोक तापतं आणि कडवटपणा चढत जातो. तिसऱ्यालाच जास्त त्रास का झाला, याचा माझा अंदाज असा: चाखण्याचा क्रम बहुतेक सौम्याकडून कडककडे जातो, आणि कडक सिगारमध्ये लिगेरो जास्त असतं. लिगेरो म्हणजे झाडाच्या वरच्या भागातलं जाड, तेलकट पान. ते सावकाश जळतं, म्हणून फिलरच्या, म्हणजे आत भरलेल्या पानांच्या, मधोमध घालतात. खालचं व्होलाडो जाळ धरून ठेवतं, मधलं सेको सुगंध देतं. ब्लेंडरची सगळी करामत या प्रमाणात असते. सिगार ओला असेल तर पानं आपापल्या मर्जीने जळतात आणि ते प्रमाण तुमच्यापर्यंत पोचतच नाही. यात जिभेचा काय दोष?

आता माझं रडगाणं. आम्हीही अशीच संध्याकाळ ठरवली होती आणि व्यवस्था बघणाऱ्यांत मी होतो. सिगारच्या पेट्या बऱ्याच आधी आल्या. जागा ज्यांची होती त्यांच्या कार्यालयाचा नियम असा की बाहेरून आलेला माल त्यांच्याच कोठारात जमा करायचा, आम्ही जवळ ठेवायचा नाही. ठीक आहे म्हटलं, पण तिथली आर्द्रता किती आहे? पेट्यांशेजारी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवू द्याल का? लेखी विचारलं. उत्तर: "सामान सुरक्षित आहे." पुन्हा विचारलं. उत्तर: "संबंधितांना कळवले आहे." प्रत्यक्ष गेलो तर खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि नोंदीवर बोट ठेवलं: पेट्या सीलबंद, स्थिती उत्तम. पेट्या बघायच्या असतील तर कोठाराचा माणूस फक्त सकाळी असतो, आणि सकाळी गेलो तर तो नुकताच बाहेर गेलेला. कोठाराला लागूनच कपडे धुण्याची खोली आहे, हे आम्हाला मागाहून कळलं.

कार्यक्रमाला ब्लेंडरने पहिल्या पेटीतला सिगार उचलला आणि अंगठा नि तर्जनीत हलकेच दाबला. चांगला सिगार दाबला की परत वर येतो. इथे खळगा तसाच राहिला. त्यांनी तो ठेवला, खालच्या थरातला काढला, दाबला. तेच. मग आमच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. नंतर बिल आलं, त्यात 'साठवणूक शुल्क' अशी वेगळी ओळ होती. भरलं, काय करता.

तेव्हा पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी आयोजकांकडून आकडा मागा. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के, तापमान साधारण १८ ते २१ अंश सेल्सियस. मला स्वतःला ६५च्या जवळचं बरं वाटतं, पण यावर लोक भांडतात. तापमान २४च्या वर रेंगाळलं तर पानात दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायची भीती, ती वेगळीच.

आणि त्यांच्या हायग्रोमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचं यंत्र ७१ दाखवत असेल तर ते ४ ने कमी दाखवतंय, एवढं लक्षात ठेवा. नव्या यंत्रांचेही आकडे चुकतात.

एक गोष्ट मात्र त्या फसलेल्या संध्याकाळीच कळली. ब्लेंडरच्या स्वतःच्या पिशवीत सुटी पानं होती. त्यांनी ती वळून प्रत्येकाला आधी नुसत्या सेकोची, मग नुसत्या लिगेरोची छोटी सुरळी ओढायला दिली. सेको हलकं, सुगंधी. लिगेरो दोन झुरक्यांत घशाशी. तेव्हा कुठे कळलं की मिश्रणात कोण काय करतं. माझ्या मते ब्लेंडर समोर असताना तीन तयार सिगार ओढण्यापेक्षा हे मागून घ्यावं. तयार सिगार काय, कधीही मिळतात.

चवींची नावं छापलेले तक्ते वाटतात, ते मला अजिबात आवडत नाहीत. समोर 'कोको' लिहिलेलं दिसलं की सगळ्यांना कोको लागायला लागतो. त्यापेक्षा सिगारवरची नाव छापलेली कागदी पट्टी आधीच काढून टाका, थोडा धूर नाकावाटे सोडा (सवय नसेल तर अगदी थोडा, झोंबतो) आणि पहिला एक तृतीयांश भाग संपल्यावर काय बदललं तेवढंच टिपा. झुरका मिनिटाला एकच. गप्पांच्या भरात लोक भराभर ओढतात आणि चांगला सिगारही कडू करून ठेवतात.

भोवळीबद्दल: मी डॉक्टर नाही, पण धूर छातीत घेतला नाही तरी भोवळ येऊ शकते. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. उपाशीपोटी तर जाऊच नका. एका बैठकीत तीन पूर्ण सिगार हा मुळातच अतिरेक आहे. प्रत्येकाचा अर्धा ओढून ठेवून दिला तर ब्लेंडरला राग येत नाही. आणि हे सांगायलाच हवं की तोंडाचा, घशाचा कर्करोग सिगारनेही होतो. आधीपासून ओढत नसाल तर अशा संध्याकाळीपायी सुरू करू नका.

तुम्ही घरी आणलेले दोन सिगार फेकू नका आणि उन्हातही ठेवू नका, रॅपर तडकेल. ६५ टक्क्यांच्या आर्द्रता-पुडीबरोबर (डब्यातली आर्द्रता तेवढीच राखणारी पुडी) बंद डब्यात काही आठवडे राहू द्या, अधूनमधून दाबून बघा. खळगा भरून यायला लागला की एक ओढा आणि कसा लागला ते इथे नक्की लिहा.