दीड-दोन वर्षांच्या बाळाचे दात कमजोर दिसतात, कडा झिजल्यासारख्या वाटतात. कीड लागू नये म्हणून काय करावं?

सगळ्यात आधी रात्रीचं दूध बघा. बाळ बाटली तोंडात ठेवूनच झोपत असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं आणि कीड तिथूनच सुरू होते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असल्यामुळे बऱ्याचदा वाचतात. दूध पाजून, दात घासून मगच झोपवा. त्यानंतर फक्त पाणी. सवय मोडताना दोन-चार रात्री रडारड होईल, होऊ द्या.

घासायला फ्लोराइड असलेली पेस्ट (फ्लोराइडचं प्रमाण साधारण १००० पीपीएम) तांदळाच्या दाण्याएवढीच, दिवसातून दोनदा. मूल स्वतः घासतं म्हणून सोडून देऊ नका, शेवटचा हात तुमचाच हवा. मांडीवर आडवं घेतलं की नीट दिसतं.

अधूनमधून वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. या टप्प्यावर ती थांबवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका. तसंही तुमच्या बाळाच्या कडा झिजतायत म्हणताय, तर लहान मुलांच्या दंतवैद्यांना आत्ताच दाखवा. कधीकधी दातावरचं कवच जन्मतःच कच्चं असतं, तेव्हा दंतवैद्य फ्लोराइड वार्निश (फ्लोराइडचा पातळ लेप) लावतात. काही मिनिटांचं काम, दुखत नाही.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त नडतं. दिवसभर ज्यूसचे घोट नकोतच.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे ऐकू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.