बिल्ल्यावरचा मुकुट डोक्यावर का नाही?

तुम्ही विचारलंय की मुलाला भुसावळकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये घातलं आहे, शाळा सेंट अलॉयसियसच्या नावाची आहे, बिल्ल्यावर पांढरं फूल, क्रूस आणि तळाशी मुकुट आहे. तर हे संत कोण आणि या खुणांचा अर्थ काय? आजीला काळजी आहे की पोराला दुसरा देव पुजायला लावतील. मी ख्रिस्ती नाही, पण खान्देशातल्याच अशा शाळेत सिस्टरांच्या हाताखाली शिकलो, म्हणून सांगतो.

फूल लिलीचं आहे. पांढरी लिली म्हणजे निर्मळ मन. येशूची आई मरिया आणि तिचा पती संत जोसेफ यांच्या चित्रांतही ती असते, त्यामुळे नुसत्या फुलावरून संत ओळखू येत नाही. क्रूस तर अशा बहुतेक शाळांच्या चिन्हात असतोच. अलॉयसियसची ओळख पटते ती खाली काढून ठेवलेल्या मुकुटावरून.

अलॉयसियस गोंझागा १५६८ साली उत्तर इटलीत, कास्तिल्योनेच्या जहागीरदाराच्या घरी जन्मला. थोरला मुलगा, म्हणजे गादीचा वारस. बापाला तो लढवय्या व्हायला हवा होता. पाच वर्षांच्या पोराला मापाचं छोटं चिलखत घालून छावणीत नेलं होतं. पोराचं मन मात्र तिथे रमलं नाही. बाप-लेकाचा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी १५८५ मध्ये त्याने सगळा हक्क धाकट्या भावाच्या नावे लिहून दिला आणि रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट नावाच्या कॅथलिक संन्याशांच्या संघात, दाखल झाला. वय सतरा. बिल्ल्यावरचा मुकुट तो हाच.

१५९१ ला रोममध्ये साथ पसरली. अलॉयसियस दारोदार फिरून रोग्यांसाठी भिक्षा मागायचा, रस्त्यात पडलेल्यांना उचलून रुग्णालयात आणायचा, त्यांना धुऊनपुसून भरवायचा. या कामाची त्याला मनातून किळस यायची आणि ती त्याने आपले गुरू रॉबर्ट बेलार्मिन यांच्यापाशी बोलूनही दाखवली होती. तरी हटला नाही. मला हा संत आपला वाटतो तो एवढ्याचसाठी. सेवा करतानाच लागण झाली आणि २१ जून १५९१ ला, तेविसाव्या वर्षी तो गेला.

आपल्या माणसाला इथे सावित्रीबाई आठवणारच. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. आजींना ही गोष्ट आधी सांगा, मग अलॉयसियसची सांगा. त्यांना वेगळं काही समजावत बसावं लागणार नाही.

राहिला पुजण्याचा प्रश्न. शाळेचा पालक संत म्हणजे ज्याच्या छत्राखाली शाळा आहे असं मानतात तो संत; तो देव नव्हे. कॅथलिक लोक आराधना देवाचीच करतात; आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका, एवढं संताला विनवतात. अलॉयसियसला १७२६ मध्ये संतपद मिळालं आणि १७२९ मध्ये पोपनी त्याला तरुण विद्यार्थ्यांचा पालक ठरवलं, म्हणून इतक्या शाळांना त्याचं नाव आहे.

त्याचा सण २१ जूनला येतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात असेंब्लीत त्याचं नाव निघेल. त्याआधी मुलाला घरीच मुकुट दाखवून विचारा, हा डोक्यावर का नाही?